थंडोबांचा उन्हाळा

"दार! आधी दार लाव, मग काय बोलायचं ते बोल!"

जेवणाचा डबा छातीशी धरून लेकीनं पाठीनंच ते जाडजूड दार ढकललं. दाराच्या पोटात भुसा ठासून भरलेला. ते गजगतीनं हललं आणि धप्प करून चौकटीत बसलं. आत बर्फाच्या लाद्या एकावर एक रचलेल्या होत्या, आणि त्यांच्या मधे अंगात विटका लोकरी स्वेटर घालून थंडोबा उभे होते. हातात लोखंडी आकडा.

"बाहेर माणसं भाजून निघालीत आणि तुम्ही स्वेटर घालून बसलाय, बाबा."

"बसलोय कुठे? चांगला उभा आहे. आणि तू मघासारखी दार उघडं टाकून गप्पा मारत राहिलीस ना, तर मलाही स्वेटर लागायचा नाही. अगं, थंडी बाहेर जात नसते, गरमी आत शिरते. तिला बोलावणं लागत नाही."

"हे मी वर्गात शिकवते, बाबा."

"शिकवतेस ना? मग दार का उघडं टाकलं होतंस, मास्तरीणबाई?"

लेक हसली. दूरच्या शहरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात ती उष्णता आणि ऊर्जा हा विषय शिकवायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत माहेरी आली होती, पण तिच्या मनात दुसरंच काही होतं, आणि ते कसं काढावं हे तिला कळत नव्हतं.

थंडोबा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण खरं नाव आता फक्त मतदार यादीत आणि बायकोच्या रागात उरलं होतं. तरुणपणी ते या बर्फाच्या कारखान्यात लागले, तेव्हा एकदा मशीनचा पट्टा तुटून चाबकासारखा त्यांच्या कानाजवळून गेला. बाकीचे जीव मुठीत धरून पळाले. हे सावकाश चालत गेले, स्विच पाडला, परत आले, ठेवलेला चहाचा कप उचलला आणि म्हणाले, "निवला की!" त्या दिवसापासून थंडोबा. बर्फाच्या कारखान्यात शोभेल असं नाव, म्हणून ते चिकटलं ते चिकटलंच.

लेक लहान असताना एकदा शाळेतून थेट इथेच आली होती. "बाबा, तुम्ही थंडी कशापासून बनवता?" असं तिनं विचारलं. थंडोबांनी तिला कडेवर घेतलं आणि मागच्या अंगाला, जिथे गरम पाणी उंचावरून फवारत खाली पडायचं, तिथे नेलं. पाण्याची वाफ तिच्या तोंडावर आली.

"गरम आहे!" ती म्हणाली.

"आहे ना? थंडी कुणालाच बनवता येत नाही, बाळा. डब्यातल्या पाण्याच्या अंगात जी गरमी असते ती उचलायची आणि इथे आणून टाकायची. पाणी उताराला आपलं आपण जातं की नाही? चढावर न्यायचं तर पंप लागतो. गरमीचंही तसंच. गरमाकडून गाराकडे ती हसत जाते. उलटी न्यायची म्हटलं की कुणाला तरी घाम गाळावा लागतो."

"कोण गाळतं?"

"हे मशीन. आणि थोडा मी."

पुढे कॉलेजात एका जाड पुस्तकात तोच नियम तिला भारदस्त शब्दांत भेटला, तेव्हा ती ग्रंथालयात एकटीच हसली होती. शेजारच्या मुलीनं विचारलं, "काय गं?" ही म्हणाली, "काही नाही, ओळखीचं माणूस भेटलं."

आता बर्फाच्या कोठीत उभं राहून तिनं शेवटी विषय काढला. "आई म्हणत होती, मालकीणबाई जागा विकतायत."

"महिनाअखेर बंद," थंडोबा म्हणाले. लादी आकड्यानं पुढे ओढली. "बाईंनी मला बोलावून, खुर्चीत बसवून, पाणी देऊन सांगितलं. सांगताना त्याच रडल्या. मग मी त्यांना पाणी दिलं."

"आणि तुम्ही?"

"मी काय? घरोघर फ्रीज आलेत. मासेवाले आणि चार सरबतवाले सोडले तर लादी घेतं कोण? बाईंचं काही चुकत नाही."

"मग बंद झाल्यावर माझ्याकडे या दोघं."

"बघू," थंडोबा म्हणाले. त्यांच्या 'बघू'चा अर्थ बहुतेक वेळा 'नाही' असा असायचा, हे लेकीला लहानपणापासून ठाऊक होतं.

त्याच दुपारी पैलवान पडला.

पैलवान म्हणजे लाद्या उचलून टेम्पोत चढवणारा गडी. थंडोबांच्याच वयाचा, त्यांच्याबरोबरच कामाला लागलेला. आयुष्यात कुस्ती कधी खेळला नव्हता, पण लादी अशी उचलायचा की जणू उशीच. आठवडाभर ऊन आग ओकत होतं. रस्त्याचं डांबर चपलांना चिकटत होतं, भिंतीला टेकवत नव्हतं, आणि विजेचा तर नुसता लपंडाव. अंगणात टेम्पोजवळ पैलवान उभ्या उभ्या काहीतरी असंबद्ध बडबडला आणि कोसळला.

थंडोबा धावत गेले. कपाळाला हात लावला तर तव्यासारखं, आणि घामाचा टिपूस नाही. लोकांनी त्यांना थंडोबा म्हणावं असं त्यांच्या चेहऱ्यावर त्या घटकेला काही उरलं नव्हतं.

"घाम थांबलाय गं याचा," ते लेकीला म्हणाले. "आतली गरमी बाहेर पडायची वाटच बंद झालीय. दवाखान्यात फोन लाव."

दवाखाना रस्त्याच्या टोकाला, पण तिथली गाडी आधीच कुणाला तरी आणायला गेलेली. फोनवर डॉक्टरीणबाई आल्या. लेकीनं एका दमात सगळं सांगितलं.

"गाडीची वाट बघू नका," त्या म्हणाल्या. "आधी जागेवर गार करा, मग आणा. गार पाण्यात मानेपर्यंत बुडवा, डोकं वर धरा. तुमच्याकडे टब वगैरे आहे का?"

"टब नाही, टाकी आहे," लेक म्हणाली.

बर्फ तयार झाला की त्याचे उंच पत्र्याचे डबे ज्या साध्या पाण्याच्या टाकीत घटकाभर बुडवायचे, म्हणजे कडेचा बर्फ सुटून लादी अलगद बाहेर येईल, ती ही टाकी. टेम्पोवाल्याच्या मदतीनं थंडोबांनी पैलवानाला त्यात उतरवलं आणि मागोमाग स्वतः उतरले, कपड्यांनिशी. लेक वरून बर्फ फोडून टाकत होती. थंडोबा छातीभर पाण्यात उभे, पैलवानाचं डोकं आपल्या खांद्यावर घेऊन. त्यांचे दात वाजायला लागले, ओठ निळसर झाले.

"बाबा, तुम्ही बाहेर या, मी धरते."

"टाक तू बर्फ. बडबड नको."

बर्फ झरझर विरघळत होता. पैलवानाच्या अंगातली आग तो गपागप गिळत होता, आणि पाणी मात्र होतं तेवढंच गार राहत होतं. बर्फाचा हा गुण लेक दरवर्षी फळ्यावर समजावून सांगायची. आज पहिल्यांदाच तो तिला एखाद्या माणसाच्या चांगुलपणासारखा वाटला.

बऱ्याच वेळानं पैलवानाच्या पापण्या हलल्या. घोगऱ्या आवाजात तो म्हणाला, "कोण रे... कोण धुतंय मला?"

"गप पड," थंडोबा म्हणाले.  "वर्षातनं एकदा आंघोळ घडतेय, तर घडू दे."

टेम्पोतून त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई वयानं लहानच होत्या, केस कसेबसे बांधलेले, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्यांनी पैलवानाला तपासलं आणि सुटकेचा श्वास टाकला. "वाचले. वेळेवर केलंत तुम्ही." मग थंडोबांच्या ओल्या कपड्यांकडे बघत त्या थबकल्या. "तुम्ही बर्फाच्या कारखान्यातले ना? जरा या माझ्याबरोबर."

आतल्या वऱ्हांड्यात माणसं जमिनीवर निजवलेली होती. रस्ता झाडणारी एक म्हातारी, पत्र्याच्या शेडमधला एक सुतार, एक बाळंतीण. दिवे नव्हते, पंखे नव्हते.

"जनरेटर आहे, पण तो ऑपरेशनच्या खोलीपुरता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "औषधानं हा ताप उतरत नाही. अंगातली उष्णता काढून घ्यावी लागते, दुसरा इलाज नाही. मला बर्फ हवाय. आज, उद्या, हे ऊन उतरेपर्यंत. किती देऊ शकाल?"

"मशीन चाललं तर मागाल तेवढा," थंडोबा म्हणाले. "आणि मशीन चालेल."

असं बोलून तर बसले, पण मशीन चालायला तयार नव्हतं.

कारखान्याकडे डिझेलचा जनरेटर होता, त्यामुळे विजेची फिकीर नव्हती. अडचण निराळीच होती. बर्फातून काढलेली गरमी टाकायची ती बाहेरच्या हवेत, आणि हवाच इतकी तापलेली की ती आणखी गरमी घ्यायला राजी नव्हती. मागच्या अंगाला फवारून गार व्हायचं ते पाणी गार होईनाच. प्रेशरचा काटा चढत चढत लाल रेघेला भिडला की मशीन खट्‌ करून आपलं आपण बंद पडायचं. थंडोबा ते थोडं निवू द्यायचे, पुन्हा चालू करायचे. पुन्हा खट्‌.

"ओझं घेऊन दारात उभं राहावं आणि घरच्यानं दारच उघडू नये, तसं झालंय," ते कपाळ पुसत म्हणाले.

त्यांनी पाण्याच्या हौदावर ताडपत्री बांधून सावली केली, फवाऱ्याची बुजलेली भोकं तारेनं मोकळी केली. काटा थोडा उतरला, पण पुरेसा नाही. लेक हौदाच्या काठावर बसून हे सगळं बघत होती. मधेच ती म्हणाली, "बाबा, डबे बुडवायच्या टाकीतलं पाणी लाद्या सोडवून सोडवून गार पडतं ना?"

"पडतं की. इतकं गार पडतं की पुढच्या लाद्या सुटत नाहीत. मग ते सोडून देतो, नवीन भरतो."

"आणि इकडचं पाणी गरम होऊन बसलंय. मग इकडचं तिकडे घ्या आणि तिकडचं इकडे. मधे एक पंप टाकला की झालं."

 थंडोबांनी स्वतःच्या कपाळावर थाप मारली. "आयुष्य गेलं माझं या दोन टाक्यांच्या मधनं येरझाऱ्या घालण्यात! एकाला नकोशी झालेली गरमी दुसऱ्याला हवीय, आणि माझ्या टाळक्यात हे कधी शिरलं नाही."

"तुम्हाला कधी गरजच पडली नव्हती."

"लाडीगोडी नको लावूस. तो निळा होज आण."

बापलेकीनं होज जोडला, जुना पंप बसवला. पहिल्यांदा सांधा निसटला आणि दोघं नखशिखान्त भिजली. दुसऱ्यांदा बसला. काटा हळूहळू खाली आला, लाल रेघ सोडून निमूट उभा राहिला, आणि मशीनचा आवाज एका लयीत लागला. तो ऐकून थंडोबांनी डोळे मिटले, जणू तान्हं पोर रडायचं थांबून दूध प्यायला लागलं होतं.

त्यानंतरचे दिवस कारखान्याच्या फाटकातून टेम्पो नुसते ये-जा करत राहिले. दवाखान्याला बर्फ जायचाच. शिवाय बादल्या, पातेली, घमेली घेऊन सगळा परिसर दाराशी. कुणाकडे म्हातारा, कुणाकडे तान्हं मूल. मालकीणबाईंनी सांगून टाकलं, "कुणाला नाही म्हणू नका." थंडोबांना ते सांगावं लागलंच नसतं. ते मशीनघरातून हलत नव्हते. सगळ्या गावाला गारवा पुरवणारी ती खोली स्वतः मात्र भट्टीसारखी होती. इंजिनची धग, पाइपांची धग, पत्र्याची धग. थंडोबा बनियनवर, गळ्यात ओला पंचा, कान मशीनकडे.

घरी यायचं नाव नाही म्हटल्यावर बायको स्वतःच वळकटी घेऊन फाटकात उभी राहिली.

"हे घर सोडून त्या घरी नांदतायत," ती लेकीला म्हणाली. "मी म्हटलं, सवतीचं तोंड तरी बघून येऊ." आणि मग पदर खोचून बर्फ वाटायला उभी राहिली ती संध्याकाळपर्यंत.

चौथ्या की पाचव्या दिवशी मशीनघरातून उग्र वास आला. डोळ्यांत चर्रकन झोंबणारा. लेकीला क्षणभर कळलंच नाही, पण थंडोबांनी तिचा दंड धरून तिला दाराबाहेर लोटलं.

"अमोनिया. मशीनमधला वायू सुटलाय. सगळ्यांना फाटकाबाहेर काढ. वारा जिकडून येतोय तिकडे उभं राहायचं, जातोय तिकडे नाही."

"आणि तुम्ही?"

"व्हॉल्व्ह आतच आहे ना. तो काही बाहेर येऊन बंद होणार नाही."

त्यांनी खुंटीवरचा मुखवटा चढवला, वरून ओला पंचा गुंडाळला आणि आत गेले. लेकीनं माणसं बाहेर काढली, आईला बाहेर काढलं आणि त्या दाराकडे बघत उभी राहिली. हा वायू कसा दाबला जातो, कसा पसरतो, पसरताना गार का होतो, याची सगळी गणितं तिला पाठ होती. आत एकटा गेलेला बाप बाहेर येईल की नाही, हे कुठल्याच गणितात नव्हतं. आईनं तिचा हात इतका घट्ट धरला की बांगडी मनगटात रुतली.

आधी मोठ्या मशीनचा आवाज थांबला. मग बराच वेळ काहीच नाही. मग शेजारच्या, अडीअडचणीला ठेवलेल्या धाकट्या मशीनचा आवाज सुरू झाला, आणि त्या आवाजापाठोपाठ थंडोबा भिंत धरत बाहेर आले. डोळे लाल, नाका-तोंडातून पाणी. बायकोनं बादलीभर पाणी त्यांच्या तोंडावर ओतलं.

"मोठीचं पॅकिंग गेलं," ते खोकत म्हणाले. "धाकटी ओढेल. सावकाश ओढेल, पण ओढेल." मग बायकोकडे बघून, "चहा टाकतेस का?"

बायको आधी हसली, मग रडली, मग चहा टाकायला गेली.

धाकट्या मशीननं ओढलं. सगळेच वाचले असं नव्हे. ती रस्ता झाडणारी म्हातारी गेली. ही बातमी आली तेव्हा थंडोबा लादी ओढत होते. ते थांबले, आकडा खाली ठेवला, थोडा वेळ लादीवर हात टेकून उभे राहिले. पण सुतार चालत घरी गेला, बाळंतीण बाळाला घेऊन गेली, आणि पैलवान काठी टेकत येऊन फाटकात खुर्ची टाकून बसला आणि सगळ्यांवर ओरडू लागला, "नीट धरा रे लादी, बायकोचा हात नाही तो!"

मग एका सकाळी वारा फिरला. आभाळ नुसतंच मळकट झालं, पण ऊन उतरलं. दाराशी बादल्या कमी झाल्या, दुसऱ्या दिवशी आणखी कमी, तिसऱ्या दिवशी मासेवाले आणि सरबतवाले तेवढे उरले.

मालकीणबाई मशीनघरात आल्या. इतक्या वर्षांत त्या दाराच्या आत कधी आल्या नव्हत्या. डॉक्टरीणबाई त्यांना भेटून गेल्या होत्या, लोकांनी हात जोडले होते, त्याचं तेज चेहऱ्यावर होतं.

"मी व्यवहार मोडते," त्या म्हणाल्या. "नाही विकायची जागा. असा कारखाना बंद कसा करायचा?"

लेकीनं चटकन बापाकडे पाहिलं. तिला वाटलं, आता यांचा चेहरा फुलेल.

थंडोबांनी हात पुसले. "बाई, बसा," ते म्हणाले. "मोठीचं पॅकिंग मी बदलीन. पण मोठी म्हातारी झालीय, पाइप म्हातारे झालेत. त्या दिवशी दिवस होता, वारा होता, मी दारात होतो. उद्या मी नसताना हे फुटलं तर समोर वस्ती आहे, टोकाला दवाखाना आहे. ज्यांना वाचवलं त्यांच्याच नाकात हा वायू जायचा. देवानं लाज राखली आपली, एवढ्यावर थांबू या."

"मग पुढच्या उन्हाळ्यात?"

"दवाखान्याला छोटं नवं मशीन घेऊन द्या. जागेचे जे पैसे येतील त्यातून. ही बघा, कुठलं घ्यायचं ते सांगेल." त्यांनी लेकीकडे हात केला. "आणि बसवायला मी आहे."

 मालकीणबाईंनी एकदा मशीनकडे पाहिलं, होकाराची मान हलवली आणि त्या उठल्या.

महिनाअखेरीस थंडोबांनी सगळा अमोनिया एका टाकीत ओढून घेतला, एकेक व्हॉल्व्ह आपल्या हातानं आवळला, आणि शेवटी धाकटीचा स्विच पाडला. आवाज हळूहळू खाली येत गेला आणि थांबला. मशीनघरात इतकी शांतता पसरली की दाराबाहेर खुर्चीत बसलेल्या पैलवानाचा श्वास ऐकू आला.

दोन दिवसांनी लेकीची सुट्टी संपत होती. निघण्याआधी ती बापाबरोबर पुन्हा कारखान्यात आली. पैलवानही आला. आत अजून गारवा होता, पण ओसरता.

"डबे गोठवायची ती खाऱ्या पाण्याची टाकी बाहेरच्याइतकी गरम व्हायला किती दिवस लागतील गं?" थंडोबांनी विचारलं.

"हिशेब करता येईल."

"नको. असू दे. यासाठी कुणाला काही करावं लागत नाही, आपलं आपण होतं ते."

 तेवढ्यात वरून पाण्याचा थेंब लेकीच्या हातावर पडला. तिघांनी वर पाहिलं. टाकीतून मशीनकडे जाणाऱ्या जाड पाइपावर बर्फाचा एवढा पांढरा थर चढलेला असायचा की तो पाइपच पांढरा आहे असं सगळे धरून चालत. दुरुस्तीला एकावेळी एकच मशीन बंद होई, त्यामुळे तो थर कधी पुरता उतरलाच नव्हता. आता तो ठिबकत होता. मधेच मुठीएवढा तुकडा सुटून फरशीवर फुटला, आणि त्याच्या मागून रंग दिसला. हिरवा. कोवळ्या पानासारखा, कालच लावल्यासारखा.

पैलवान तोंड उघडं टाकून बघत होता. "हा हिरवा होता?"

"आपणच तर लावला होता," थंडोबा म्हणाले. "तू शिडी धरली होतीस."

मग त्यांनी गळ्यातला पंचा काढला, शिडी भिंतीला लावली, आणि वर चढून तो पाइप कोरडा पुसायला लागले. खाली पैलवानानं काठी बाजूला ठेवली आणि दोन्ही हातांनी शिडी धरली.